एका खोलीपुरतं घर

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा मागच्या गल्लीतल्या आजी यवतमाळ सोडून नागपूरला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या आणि त्यांची मांजर आमच्याकडे आली.

आजी एक्क्याऐंशी वर्षांच्या. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडल्या, तेव्हापासून लेक मागे लागली होती की आता एकटं राहणं पुरे. घराचा सौदा झाला. घेणाऱ्याला जागा हवी होती, घर नको होतं. संक्रांतीनंतर ते पाडून तिथे नवं बांधायचं होतं. आजींनी महिनाभरात एकेका वस्तूची सोय लावली. शिलाई मशीन भाचीला, लोखंडी कपाट कामवाल्या मावशींना, तुळशीसकट सगळ्या कुंड्या माझ्या आईला. शेवटी उरली ठकी. नागपूरचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, आणि नातवाला दमा. मांजर नेता येणार नव्हतं.

"तू घरीच असतेस," आजी मला म्हणाल्या. "दिवसभर मांडीवर तो कॉम्प्युटर घेऊन बसतेस. त्याच्या शेजारी हीही बसेल."

यात आजींची चूक नव्हती. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मार्च 2020 मध्ये पुण्याहून एक बॅग घेऊन घरी आले ती इथेच राहिले. कंपनीला माझ्या असण्या-नसण्याचा फरक स्क्रीनवरच पडतो. सकाळी साडेनऊला वरच्या खोलीत लॉग-इन, रात्री खाली जेवण. मांजर पाळायला यापेक्षा सोयीचं माणूस कुठून मिळणार?

ठकी सहा वर्षांची. पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिपके. अशी तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, हे मला नंतर कळलं. आजींनी तिचं ऑपरेशन आधीच करून घेतलं होतं. सूचना चारच होत्या: सकाळी दूध-पोळी, संध्याकाळी बोंबील, उचललेलं आवडत नाही, रात्री पायापाशी गोधडीवर झोपते. मी मान डोलावली आणि घरी येऊन ऑनलाईन खरेदी सुरू केली. परदेशी ब्रँडचं कोरडं खाणं, प्लास्टिकचा ट्रे, त्यात टाकायची सुगंधी वाळू, गोल गुबगुबीत बिछाना, काठीला बांधलेली पिसं. या यादीतली एकही वस्तू ठकीने कधी पाहिलेली नव्हती. ती गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही.

माझं नोकरीतलं काम डेटा मायग्रेशनचं आहे. एखाद्या बँकेची किंवा विमा कंपनीची वीस वर्षांची जुनी यंत्रणा नव्या यंत्रणेवर न्यायची. या कामातला पहिला धडा असा की सगळं एका रात्रीत हलवायचं नाही. काही दिवस जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवायचं, थोडे थोडे लोक नव्यावर न्यायचे, आणि परत फिरायची वाट शेवटपर्यंत उघडी ठेवायची. हे मी नव्या पोरांना शिकवते. त्यासाठी माझ्याकडे चाळीस स्लाईड्स आहेत.

ठकीला मी कपड्यांच्या प्लास्टिक टोपलीत घालून, वर दुसरी टोपली उपडी बांधून, भर दुपारी आणलं आणि आमच्या हॉलच्या मधोमध उघडलं. आई, बाबा, शेजारची दोन पोरं आणि टीव्हीवर क्रिकेटची मॅच. सगळे वाकून पाहत होते. ठकीने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि ती दिवाणाखाली गेली.

तिथून ती तीस तास निघाली नाही. मी दर तासाला जमिनीवर आडवी होऊन मोबाईलचा टॉर्च मारायची, हात आत घालायची, "ठकी, ठकी" करायची. ती भिंतीला अजून चिकटायची. वाटीतलं परदेशी खाणं तसंच. बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "कुत्रं माणसाचं असते, मांजर घराचं. ते काही राहत नाही तुह्याकडं."

तिसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. तिचा भोंगा आमच्या फाटकासमोरच वाजतो. आई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर निघाली, दार अर्धं उघडं राहिलं, आणि दिवाणाखालून काहीतरी पांढरं सुटलं ते आईच्या पायातून थेट गल्लीत.

*

दोन दिवस मी तिला शोधलं. नाल्याच्या कडेने, बांधकामांवर, किराणा दुकानामागच्या खोक्यांत. आजींचा फोन आला की आईला सांगायचे, "अंघोळीला गेली म्हण." खोटं बोलायला लागू नये म्हणून माणूस काय काय खोटं बोलतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुचायला हवं होतं ते सुचलं. आजींच्या घराला कुलूप होतं. मी बोळातून मागे गेले. परसात धुण्याच्या दगडावर ठकी बसली होती. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून. जणू आत कोणीतरी पोळ्या लाटतंय आणि आता दार उघडेल.

मला पाहून ती भिंतीवर चढली. मी बोंबील ठेवले, लांब झाले. ती आली नाही. शेवटी मी आजींना फोन लावून सगळं खरं सांगितलं. म्हटलं, आजी, तुम्ही फोनवरून हाक मारा, मी स्पीकर सुरू करते. मांजराला आपल्या माणसाचा आवाज परक्याच्या आवाजापासून वेगळा ओळखू येतो, हे जपानमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रयोग करून दाखवलंय. मी ते वाचून आले होते.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नको. आवाज ऐकवू नको तिला. मी तिथे आहे असं वाटेल, आणि मग शोधत बसेल."

यावर मला काही बोलता आलं नाही.

मी घरी जाऊन आईला सांगितलं. आईने मेथीची जुडी, परात आणि आजींनी कुंड्यांखाली अंथरायला म्हणून दिलेली जुनी गोधडी उचलली आणि ती निघाली. मी मागे मागे. आईने मला बोळातच थांबवलं. परसात जाऊन धुण्याच्या दगडापासून चार हातांवर तिने गोधडी टाकली, ठकीकडे पाठ करून बसली आणि मेथी निवडायला लागली. हाक नाही, चुचकारणं नाही, मागे वळून पाहणं नाही. नोव्हेंबरचा अंधार लवकर पडतो. मी बोळात डास मारत उभी. तासाभराने ठकी भिंतीवरून उतरली. गोधडीच्या टोकाला तिने नाक लावलं, मग पंजा, मग ती अख्खी त्यावर येऊन बसली. आईने उरलेली मेथी निवडून संपवली. मग शांतपणे गोधडीची चार टोकं जवळ घेतली आणि ठकीसकट टोपलीत ठेवली.

"तुले कसं कळलं?" मी विचारलं.

"काय कळायचं आहे त्यात," आई म्हणाली. "नव्या माणसाकडं टकमक पाहू नये."

*

या वेळी मी कामासारखं काम केलं. घराच्या मागच्या बाजूला आमची एक खोली आहे. तिच्यात गव्हाच्या कोठ्या, जुनी पुस्तकं आणि उन्हाळा संपला की कूलर. विदर्भातल्या घरांत हा मोठा पत्र्याचा कूलर वर्षातले सात-आठ महिने पाहुण्यासारखा कोपरा अडवून बसतो. त्याची एका बाजूची जाळी निघाली होती. आत वाळलेली टाकी, अंधार, आणि आत शिरायला एकच वाट. मी तिथे आजींची गोधडी घातली. गुबगुबीत बिछाना परत केला.

सुगंधी वाळूचं पाकीटही कपाटावर गेलं. ठकीची सहा वर्षांची सवय आजींच्या परसातल्या मातीची होती. तर तिथली दोन घमेली माती उचलून आणली आणि एका घमेल्यात पसरली. ते घमेलं एका टोकाला, खाणं दुसऱ्या टोकाला. मांजराला जेवणाजवळ घाण चालत नाही, आपल्यासारखंच. खाणंही जुनंच, दूध-पोळी आणि बोंबील. खरं तर मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही आणि पोळी हे काही त्यांचं अन्न नव्हे. त्यांना मांस-मासळीतूनच जगायला लागतं. पण घर बदललं त्याच आठवड्यात ताटही बदलायचं नसतं. शिवाय मांजर दोन-तीन दिवस सलग उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर चरबी चढून ते जिवावर बेतू शकतं. पहिल्या तीस तासांत मी किती मोठा धोका पत्करला होता, ते हे वाचल्यावर कळलं. आधी तिने खाणं महत्त्वाचं होतं, काय खाल्लं ते नंतर.

आणि दार बंद. खोलीत मी फक्त लॅपटॉप घेऊन जाणार, जमिनीवर बसणार, काम करणार, उठून येणार. कूलरकडे पाहायचं नाही.

आई दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. मी तिला उत्साहाने सांगत होते: नेदरलँड्समध्ये 2014 मध्ये एक अभ्यास झालाय, आश्रयगृहात नव्या आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही, ज्यांना खोकं मिळालं त्यांचा ताण लवकर उतरला, ती माणसांशीही लवकर रुळली. म्हणजे लपू दिलं की ती लवकर बाहेर येतात. आधी मला उलटं वाटायचं.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी आली तवा मले कोनं खोली देल्ली होती?"

आवाजात तक्रार नव्हती. कूलरवर बसलेली धूळ पदराने पुसत ती बोलत होती. 1995 च्या मे महिन्यात ती दिग्रसजवळच्या खेड्यातून लग्न होऊन या घरात आली. तेव्हा घरात नऊ माणसं. माप ओलांडलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून चुलीपुढे. प्रत्येक जण येऊन पाहून जायचं: नवी सून भाकर कशी थापते, बोलते का, हसते का. नवरा-बायकोला म्हणून जी खोली होती तिच्यातून दिवसभर गव्हा-तांदळासाठी येणं-जाणं. तीच ही खोली.

"मंग तू काय करायची?"

"न्हाणीत जायची. घरात कडी असलेलं तेवढं एकच दार होतं. आत जाऊन बसून राहायची. मधून मधून एक तांब्या पाणी ओतायची, म्हणजे बाहेर आवाज जाते. नाहीतर म्हणतीन, एवढा वेळ काय करून रायली."

अठ्ठावीस वर्षं मी या बाईच्या पोटी जन्मून या घरात राहतेय. सासूबाई किती कडक होत्या, नणंदा कशा होत्या, हे किस्से मी शंभरदा ऐकलेत, हसलेही आहे. तांब्याचं मला माहीत नव्हतं.

"किती दिवस असं?"

आई विचारात पडली. "मोजले नाही बाप्पा," म्हणाली आणि दूध तापवायला गेली.

*

त्यानंतरचे दोन आठवडे माझं ऑफिस त्या खोलीत होतं. पाठीमागे गव्हाच्या कोठ्या दिसायच्या म्हणून मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. समोर बंद कूलर, आणि त्यात कोणीतरी आहे याचा पुरावा म्हणजे सकाळी रिकामी झालेली वाटी.

एवढ्या रिकाम्या वेळात वाचन होतं. घरातलं मांजर हे आफ्रिकेतल्या आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराचं वंशज. सायप्रसमध्ये साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. 2004 मध्ये ते जाहीर झालं. त्या बेटावर मुळात मांजर नव्हतंच. म्हणजे कोणीतरी ते होडीत घालून समुद्रापार नेलं होतं. आपल्या सोयीसाठी मांजराला घर बदलायला लावायची गोष्ट इतकी जुनी आहे. त्या होडीतून उतरलेलं पहिलं मांजर कुठल्या फटीत जाऊन बसलं असेल, हे मात्र उत्खननात सापडत नाही.

पण मांजराच्या जातीला जागा म्हणजे काय असते, हे शिकायला यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला सायप्रसला जायची गरज नाही. 2018 च्या शेवटी मी नुकती नोकरीला लागले होते आणि पुण्यातले सहकारी मला "तुमच्या यवतमाळची ती वाघीण" एवढंच विचारायचे. पांढरकवडा-राळेगाव भागातली अवनी, वनखात्याच्या कागदांत टी-वन. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. कापूस वेचायच्या दिवसांत बायका शेतात जायला धजत नव्हत्या. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्याकडे पाहून प्राणिप्रेमाच्या गप्पा मारणं कठीण होतं. तिला पकडायला हत्ती आणले, कुत्रे आणले, ड्रोन आणले. ऑक्टोबरमध्ये तर केल्विन क्लाईनचं 'ऑब्सेशन' नावाचं पुरुषांचं अत्तर जंगलात शिंपडलं, कारण त्यातला उदमांजरासारखा गंध मार्जारकुळाला खेचतो. तेव्हा ऑफिसात सगळे हसले होते, मीही. आता कूलरसमोर बसून वाटत होतं की त्यात हसण्यासारखं काय होतं? त्यांचं सगळं जग नाकाने आखलेलं असतं. आई गोधडी घेऊन गेली तेव्हा तिने दुसरं काय केलं होतं?

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ अवनीला गोळी घातली. तिचे दोन बछडे मागे राहिले. त्यातली मादी डिसेंबरमध्ये पकडून पेंचला नेली. तिथे कुंपणाच्या आत ती दोन वर्षांहून जास्त वाढली, शिकार शिकली, आणि मार्च 2021 मध्ये तिला मोकळं सोडलं. आठ-दहा दिवसांत ती गेली. ज्या जंगलात सोडलं तिथे आधीची वाघीण होती. दोघींची झुंज झाली आणि हिला झालेल्या जखमा भरल्या नाहीत. सोडणाऱ्यांनी कॉलर लावला होता, माणसं मागावर होती, काळजी घेतली होती. पण जंगल रिकामं नव्हतं. नकाशात जी जागा हिरवी दिसते ती कोणाच्या तरी वासाने आधीच भरलेली असते.

आणि त्याच्या उलट तो टिपेश्वरचा तरुण वाघ, ज्याला लोक 'वॉकर' म्हणायला लागले. टिपेश्वर जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं अभयारण्य. त्यात मोठे वाघ आधीच. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावला आणि जूनमध्ये तो निघाला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणात जाऊन परत येत, डिसेंबरमध्ये बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला तेव्हा तेराशे किलोमीटर झाले होते. मार्च 2020 पर्यंतचा सगळा हिशेब तीन हजारांच्या घरात गेला. ज्ञानगंगेत दुसरा वाघ नव्हता. तिथे तो थांबला. भांडायला कोणी नाही आणि सोबतीलाही कोणी नाही.

बाबांचं म्हणणं होतं, मांजर घराचं असतं. मला हे सगळं वाचून वाटलं की ते अर्धंच खरं आहे. मांजराला घर मिळत नाही, ते करायला लागतं. गाल घासून, नखं ओढून, एकेक कोपरा हुंगून, रोज थोडं थोडं. आणि ते करायला आधी अशी एक जागा लागते जिथे दुसऱ्या कोणाचा दावा नाही, आणि जिथे बसलं असता कोणी टॉर्च मारत नाही.

*

चौथ्या रात्री घमेल्यातली माती उकरलेली दिसली. मी आनंदाने आईला उठवायला गेले. तिने कूस बदलली. सहाव्या दिवशी मीटिंग चालू असताना कूलरच्या तोंडाशी दोन डोळे. 2020 मध्ये इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं होतं की मांजराकडे पाहून हळूहळू डोळे मिटले-उघडले तर तेही तसंच करतं आणि अशा माणसाजवळ जास्त जातं. मी एकदा मिटले. ती बघत राहिली. दुसऱ्यांदा मिटले. तिसऱ्यांदा मिटले तेव्हा मला झोपच लागली, कारण आदल्या रात्री रिलीज होता. जाग आली तर ठकी माझ्या चार्जरच्या वायरीला गाल घासत होती.

मग गव्हाची कोठी, मग पुस्तकांचं खोकं, मग माझा गुडघा. बाराव्या दिवशी मी खोलीचं दार वीतभर उघडं ठेवलं. ती उंबऱ्यापर्यंत आली, चौकटीला दोन्ही बाजूंनी गाल घासले, स्वयंपाकघरात डोकावली, आणि आईच्या हातातून सांडशी पडल्याबरोबर परत कूलरमध्ये. पण कूलर तिथेच होता. परतीची वाट उघडी असली की माणूस पुढे जातो, हे माझ्या चाळीस स्लाईड्समध्ये बाराव्या नंबरवर आहे.

जनावरांच्या दवाखान्यात रेबीजची लस द्यायला नेलं तेव्हा रांगेत पुढे दोन शेळ्या आणि एक गोऱ्हा. सगळ्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं. एक आजोबा म्हणाले, "मांजरालेबी डॉक्टर लागते का आता?" ठकीने गोधडीत डोकं खुपसलं. घरी आल्यावर ती सरळ आपल्या खोलीत चालत गेली. 'आपल्या' असं मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

आजींचा रोज फोन. पहिले काही दिवस त्या फक्त विचारायच्या, "खाते का?" मग आईच त्यांना विचारायला लागली, "तुमचं कसं हाय आजी?" एकदा आजी म्हणाल्या, "बरं आहे गं. खोली छान आहे, खिडकीतून झाड दिसतं. फक्त दुपारी दार लोटून घेतलं की सगळ्यांना वाटतं मी रागावले." आईने फोन आजींच्या लेकीकडे द्यायला सांगितला. इकडचं-तिकडचं बोलली आणि मध्येच म्हणाली, "त्या दार लोटून बसल्या तर बसू द्या, ताई. राग नसते तो."

*

संक्रांत झाली आणि मागच्या गल्लीत जेसीबी आला. ठकीला घरात येऊन दोन महिने झाले होते. आता ती गच्चीवर जायची. आवाज सुरू झाला तशी ती कठड्यावर जाऊन बसली. तिथून आजींच्या घराचा अर्धा भाग दिसतो. मी काम टाकून जिन्यात उभी राहिले. पुन्हा पळाली तर या वेळी धुण्याचा दगडही उरणार नव्हता. दुपारपर्यंत कवेलू गेले, भिंत गेली, स्वयंपाकघराचं ते दार गेलं. ठकी कान मागे करून सगळं पाहत होती. तिला त्यातलं काय कळलं हे मी सांगू शकत नाही. अडीचच्या सुमाराला ती उतरली, माझ्या पायाजवळून गेली, मागच्या खोलीत जाऊन घमेल्यातली माती उकरली आणि कूलरमध्ये झोपली. आजींच्या परसातली उरलेली माती तेवढीच.

त्याच आठवड्यात अमरावतीहून एका स्थळाचा फोन आला. पत्रिका, पगार, पुण्याला राहायची तयारी, सगळं झालं. मग पलीकडच्या बाईंनी विचारलं, "आमचं घर मोठं आहे. मुलगी सगळ्यांत मिसळून राहील ना?" या प्रश्नाला आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. मी ते आधीच्या तीन स्थळांना आईच्या तोंडून ऐकलंय.

आई म्हणाली, "राहीन नं. पण आधी तिले एक खोली लागन, अन् थोडे दिवस."

बाबांनी पेपर खाली घेतला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. नंतर कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही, आणि आईला त्याचं काही वाटलेलं दिसत नाही.

मी आता पुन्हा वरच्या खोलीत काम करते. मार्च उजाडला, ऊन तापायला लागलं. कूलर बाहेर काढायला हवा, तर ठकीसाठी दुसरं खोकं शोधावं लागेल. बाबा रोज आठवण करतात. पण अलीकडे दुपारची भांडी झाली की आई मागच्या खोलीत जाते. बरोबर कधी भाजी असते, कधी काहीच नसतं. दार लोटून घेते. सुतारकाका फळी बसवायला आले तेव्हा तिने त्या दाराला आतून एक कडी लावून घेतली. एरवी ती कोणाला काही मागत नाही.

काल चहाच्या वेळी बाबा हाक मारायला निघाले. मी म्हटलं, "थांबा नं बाबा, येईल ती."

ते थांबले. चहा मीच ठेवला.